बालाघाटाच्या पायवाटा : मुलाबाळांसह चालण्याजोगा बीड

बीड जिल्ह्याचे नाव निघाले की शहरी वाचकाच्या डोळ्यांसमोर पाण्याचे टँकर, ऊसतोडीला निघालेल्या गाड्या आणि वर्तमानपत्रांतील राजकीय मथळे उभे राहतात. बाहेरचा माणूस या जिल्ह्यात आला तरी तो परळीच्या वैजनाथाचे किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे दर्शन घेतो आणि त्याच गाडीने परततो. ज्यांची मुळे याच मातीतली आहेत, असे पुण्यातील, मुंबईतील आणि छत्रपती संभाजीनगरातील असंख्य संसारही गावी येतात ते लग्नकार्यासाठी, नाही तर जत्रेसाठी. गाडी थेट दारापुढे उभी राहते. मुले दोन दिवस घराच्या ओसरीवर आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर काढतात आणि गावाची शीव कुठून कुठे जाते हे न पाहताच परत फिरतात. वास्तविक सहा-सात वर्षांच्या मुलाचा हात धरून सकाळचे तीन तास निवांत हिंडावे, असा हा मुलुख आहे. मात्र तो कसा आणि केव्हा हिंडावा, याची काही रीत आहे.

जिल्ह्याचे सरळ दोन भाग पडतात. उत्तरेला गोदावरीच्या काठची काळी, सपाट जमीन आहे. तिला गंगथडी म्हणतात. दक्षिणेला आणि पश्चिमेला बालाघाटाचे पठार आहे. लाव्हारसाच्या थरांनी बनलेले हे डोंगर सह्याद्रीसारखे छाती दडपून टाकत नाहीत. माथा सपाट, कडा पायऱ्यापायऱ्यांच्या आणि मधे अचानक खोल गेलेली दरी, अशी त्यांची ठेवण आहे. या ठेवणीमुळे चालणाऱ्या कुटुंबाची मोठी सोय होते. पठारावर चढ-उतार फारसा नसतो, नजर दूरवर पोचते आणि आजी-आजोबांनाही बरोबर घेता येते. पाटोदा तालुक्याचा माथा तर पाणलोटाच्या दृष्टीने मोठा नवलाचा आहे. मांजरा याच भागात उगम पावते आणि पूर्वेकडे लांबचा वळसा घेऊन तेलंगणात गोदावरीला मिळते. सिंदफणा इथूनच उत्तरेला उतरते आणि जिल्ह्याच्या सीमेजवळच गोदावरी गाठते. सौताड्याची विंचरणा मात्र दक्षिणेला वळते आणि सीना, भीमा असे करत तिचे पाणी कृष्णेला जाते. म्हणजे पावसाचे दोन थेंब शेजारशेजारच्या बांधांवर पडले, तरी बंगालच्या उपसागरात ते निरनिराळ्या मुखांनी शिरतात. भूगोलाच्या पुस्तकातला ‘जलविभाजक’ हा शब्द मुलांना पायाखाली दाखवता येईल, अशा जागा महाराष्ट्रात थोड्याच आहेत.

वाट कोणाची?

सहकुटुंब रानवाटांनी चालण्याची चाल इंग्लंडात जितकी रुजली आहे, तितकी क्वचितच कुठे असेल. तेथील खेड्याच्या टोकाशी लाकडी खांबावर बाण रोवलेला असतो. वाट शेतकऱ्याच्या कुरणातून, मेंढ्यांमधून, कुंपणातल्या छोट्या फाटकातून जाते आणि कोणी कोणाला अडवीत नाही. याचे कारण केवळ सौजन्य नाही, कायदा आहे. जमीन खासगी असली तरी तिच्यावरून जाण्याचा लोकांचा हक्क तेथे नोंदलेला असतो. इंग्लंड आणि वेल्स मिळून अशा वाटांची लांबी सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर भरते. हा हक्क आपसूक मिळालेला नाही. १९३२ च्या एप्रिलमध्ये मँचेस्टरच्या आसपासच्या गिरणी-कारखान्यांतील तरुण कामगारांनी किंडर स्काउट या जमीनदारांनी बंद ठेवलेल्या पठारावर जाणूनबुजून पाऊल टाकले. त्यांतील काहींना तुरुंगवास झाला. पुढे १९४९ च्या कायद्याने पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करणे बंधनकारक झाले आणि २००० च्या कायद्याने माळरानांवर आणि डोंगरांवर मोकळेपणी हिंडण्याचा हक्कही दिला.

आपल्याकडे असा बाण रोवलेला खांब दिसत नाही, म्हणून वाटा नाहीत असे मात्र समजू नये. गावाच्या महसुली नकाशावर त्या आहेत. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा गाडीमार्ग तुटक दुहेरी रेषेने, तर पायमार्ग तुटक एकेरी रेषेने दाखविण्याची पद्धत आहे. गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट आणि पायमार्गाची सव्वाआठ फूट मानली जाते. दोन गावांच्या सीमेवरून जातो तो शीवरस्ता. दोन्ही बाजूंना बांध आणि झाडोरा असलेली, बैलगाडीच्या चाकोऱ्यांनी खोलगट झालेली वाट ती कुठे पाणंद, कुठे पांदण. वापरातली वाट कोणी अडविली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार ती खुली करून देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ मध्ये बांधावरून जाण्यायेण्याच्या हक्काची तरतूद आहे. पण ती शेतात जाणाऱ्या खातेदारासाठी आहे, हौसेने हिंडणाऱ्या पाहुण्यासाठी नव्हे. इंग्लंडातील आणि आपल्या पायवाटेत हाच मूलभूत फरक आहे. तिथे वाट चालणाऱ्याची आहे, इथे ती कसणाऱ्याची आहे.

त्यातून या वाटा आक्रसत चालल्या आहेत. दरवर्षी नांगराचे एक तास वाटेकडे सरकते आणि दहा-पंधरा वर्षांत गाडीवाट पाऊलवाट होते, पाऊलवाटेचा बांध होतो. यात कोणा एकाची दुष्टबुद्धी असतेच असे नाही. घरटी वाटण्या होऊन एक-दोन एकरांवर आलेल्या शेतकऱ्याला हातभर जमीनही हवी असते, आणि बैलगाड्या गेल्यामुळे वाट अडली तरी लगेच ओरड करणारा कोणी उरलेला नसतो. ओरड होते ती ऊस बाहेर काढताना ट्रॅक्टर अडतो तेव्हा. मग भावकीचे भांडण तहसील कचेरीत आणि कधी पोलीस ठाण्यात पोचते. राज्य सरकारने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. २०२५ मध्ये शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घेण्याचे आदेश निघाले. हे सारे स्वागतार्हच. परंतु त्यातून यंत्रे जाण्याजोगे रस्ते घडतील. तुटक एकेरी रेषेच्या वाटेचा वाली तिच्यावरून चालणाराच, आणि तो दिवसेंदिवस कमी होतो आहे.

मोरांच्या माळावर

प्रत्यक्ष चालायचे तर पहिल्या खेपेस वादाची जागा टाळावी आणि जेथे वाट निर्विवाद सार्वजनिक आहे तेथून प्रारंभ करावा. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य ही अशी जागा. १९९४ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र तीस चौरस किलोमीटरांहून किंचित कमी आहे. घनदाट अरण्याची अपेक्षा ठेवून जाणाऱ्याची येथे निराशा होते. खुरटी झाडे, हिवर, बोर, बाभूळ, तरवड, गुडघ्याएवढे गवत आणि मधून मधून उघडा कातळ, असे हे रान. मोराला नेमके असेच रान मानवते : दाणे-किडे टिपायला मोकळी जमीन, लपायला झुडुपे आणि रात्री बसायला एखादे उंच झाड.

मुलांना घेऊन जाताना मोर दिसेलच असे वचन देऊ नये. मोर ऐकू येईल एवढे खात्रीने सांगावे. पहाटे आणि सांजवेळी त्याची केका माळभर घुमते. पिसारा फुलवून नाचणारा मोर उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्यात दिसतो. विणीचा हंगाम सरला की नराची लांब पिसे गळून पडतात, म्हणून नाताळच्या सुटीत गेलेल्या मुलांना ‘शेपटी नसलेला मोर’ पाहून नवल वाटते. घरातल्या मोठ्यांनी याचे कारण आधी जाणून ठेवलेले बरे. वाटेत गळालेले पीस सापडले की मुले हरखून जातात. ते पाहू द्यावे, हाताळू द्यावे आणि तेथेच ठेवावयास लावावे. मोर हा १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि अभयारण्यातून परवानगीविना काहीही उचलून नेता येत नाही. घरी नेता न येणारी सुंदर वस्तू हाही मुलांसाठी एक अनुभवच असतो. वनखात्याच्या कर्मचाऱ्यांना भेटून, वाट विचारूनच आत जावे. मोराखेरीज टिटवी, चंडोल, तितर आणि तारांवर बसलेला नीलपंख हे तर जवळजवळ हमखास भेटणारे.

पाटोदा तालुक्यातच सौताडा आहे. येथे विंचरणा नदी पठाराच्या कडेवरून दरीत झेपावते आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पायऱ्या उतरून खाली जाता येते. उतरणे मुलांना आवडते. चढणे कोणालाच आवडत नाही, तेव्हा परतीसाठी दुप्पट वेळ हाताशी ठेवावा. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरी. त्यामुळे हा धबधबा ऑगस्ट ते ऑक्टोबर एवढाच खऱ्या अर्थाने धबधबा असतो. मार्चमध्ये जाणाऱ्याला कातळावरची काळी ओल तेवढी दिसेल. वरच्या काठाशी, विशेषतः पावसाळ्यात, मुलांचा हात सोडू नये.

मांजरसुंब्याजवळचे कपिलधार याहून सुलभ. वीरशैव संत मन्मथस्वामी यांची येथे समाधी आहे आणि कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून, कर्नाटकातूनही पायी दिंड्या येतात. यात्रेचे दिवस वगळता, पावसाळ्यातील एखाद्या सकाळी डोंगराच्या कुशीतील हे स्थान विलक्षण शांत असते. दिंडीच्या वाटेचा काही भाग पायी चालून जावा. ती वाट पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांनी राखली आहे. तिच्यावर नांगर फिरविण्याची कोणाची छाती होत नाही. महाराष्ट्रात कायद्याने न राखलेल्या वाटा अशा देवाने राखल्या आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

अंबाजोगाईची सकाळ

इतिहासाची थोडी गोडी असलेल्या कुटुंबासाठी मात्र अंबाजोगाईसारखे ठिकाण दुसरे नाही. निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखले जाणारे हे गाव बालाघाटाच्या माथ्यावर वसले आहे, त्यामुळे हवा सुखद आणि चालायला उसंत देणारी. योगेश्वरीच्या देवळापासून निघावे. ही अनेक कोकणस्थ घराण्यांची कुलदेवता. तिची कथा मुलांना वाटेत सांगण्याजोगी आहे. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले, वऱ्हाड निघाले, पण लग्नाचा मुहूर्त टळला आणि सारे वऱ्हाड दगडाचे झाले, असे लोक सांगतात. ही कथा ऐकत गावालगतच्या हत्तीखान्याशी पोचले की दगडी हत्ती समोर दिसतातच. प्रत्यक्षात ही कातळात कोरलेली देवालये आहेत. ओळीने खांब असलेला प्रशस्त मंडप, अंगणात नंदीचा मंडप आणि हत्ती. वेरूळच्या मानाने लहान आणि झिजलेली ही लेणी. पण इथे रांग नाही, गर्दी नाही आणि खांबाआड लपंडाव खेळणाऱ्या पोरांच्या आवाजाचा घुमारा तेवढा असतो. कोरीव कामावर चढू देऊ नये एवढे पथ्य पुरे.

तेथून मुकुंदराजांच्या समाधीकडे जावे. गावाबाहेर काही किलोमीटरवर, पठार तुटून दरी सुरू होते तेथे, डोंगराच्या कुशीत ही समाधी आहे. शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये ‘विवेकसिंधु’ रचणारे मुकुंदराज हे मराठीचे आद्यकवी मानले जातात. ते अंबाजोगाईचे की विदर्भातील आंभोऱ्याचे, हा वाद विद्वानांत जुना आहे. समाधीच्या कट्ट्यावर बसून दरीतले वारे अंगावर घेणाऱ्याला त्याचा निकाल लागण्याची घाई वाटत नाही. जाताना पायी आणि येताना रिक्षाने, हा मुलांबरोबरचा उत्तम हिशोब. ज्यांचे पाय अजून दुखत नाहीत त्यांनी दुपारनंतर दासोपंतांच्या समाधीचेही दर्शन घ्यावे. कापडाच्या भल्यामोठ्या ‘पासोडी’वर ग्रंथ लिहिणारा हा सतराव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत हयात असलेला कवी मुलांना चटकन आवडतो.

बीड शहरालगत, ज्यांना लांब जायचे नाही त्यांच्यासाठी, सोलापूर रस्त्यावरची खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामशाहीच्या काळात बांधलेल्या या विहिरीत भूमिगत बोगद्यांनी पाणी येते आणि दुसऱ्या बोगद्याने ते शेत-बागांकडे जाते. बीडमध्ये राहूनही ती न पाहिलेले लोक पुष्कळ आहेत. शहराजवळच पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराईचा वृक्षलागवडीचा प्रकल्प आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये पहिले वृक्षसंमेलन येथेच भरले होते. संध्याकाळच्या तासाभराच्या फेरीला तो परिसर चांगला. गंगथडीत जायचे तर राक्षसभुवनचा गोदाकाठ आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला तो इथे. आज तिथे रणांगणाची खूण शोधू नये. नदीचे रुंद पात्र आणि घाट पाहावेत.

रानाची रीत

चालण्याचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. सकाळी सातला निघावे, अकराच्या आत सावलीत परतावे. मुलांचे अंतर किलोमीटरांत मोजू नये. ओढ्यात दगड टाकणे, बोरे वेचणे, मुंग्यांची रांग पाहणे धरून लहान मूल तासाला दीड-दोन किलोमीटरांहून अधिक जात नाही, आणि तसे गेलेच तर त्याने काही पाहिलेले नसते. दसऱ्याच्या सुमारास बालाघाटाच्या उतारांवर सीताफळे पिकू लागतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. धारूरच्या बाजूला वाटेकडेला टोपल्या घेऊन बायका बसतात. रानातले झाड बेवारस दिसले तरी ते बेवारस नसते; फळ विकत घ्यावे, तोडू नये.

शेतातून जाणे झालेच तर बांध सोडू नये. ज्वारी हुरड्यावर आली की पीक तुडविणारा पाहुणा कोणालाच नको असतो. शेतात माणूस दिसला की लांबूनच ‘राम राम’ घालावा. ‘कोण्या गावचं पाव्हणं?’ हा प्रश्न येणारच. तो चौकशीचा नसून ओळखीचा असतो. गावाचे, नाही तर आजोळचे नाव सांगितले की पुढची वाट आपोआप मोकळी होते आणि बहुधा चहाही होतो. इंग्लंडातल्या खांबावरच्या बाणाचे काम इथे या एका प्रश्नोत्तराने होते.

धोके थोडे पण खरे आहेत. सर्वांत मोठा धोका कठडा नसलेल्या विहिरींचा. गवताआड त्या दिसत नाहीत, म्हणून मुलांना पुढे पळू देऊ नये. काही ठिकाणी रानडुकरांना रोखण्यासाठी तारेत चोरून वीज सोडलेली असते. कोणत्याही कुंपणाला हात लावू नये आणि अंधार पडण्यापूर्वी गावात पोचावे. दगड उलथू नयेत, खाली फुरसे असू शकते. दरीच्या कड्यांना आग्या मोहोळ लटकलेले असते, तेथे धूर आणि अत्तरे दोन्ही टाळावीत. कुसळी गवत पिकल्यावर मोजे कुसळांनी भरतात; पायघोळ विजार आणि बंद बूट हाच उपाय. २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली होती. घाबरून घरी बसण्याचे कारण नाही, पण कोणत्या शिवारात जनावर फिरते आहे हे गावात विचारून निघावे.

एक गोष्ट मात्र पाहुण्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो. हिंडण्याला सर्वांत सुखद असा जो हंगाम, त्याच हंगामात बालाघाटावरची कित्येक गावे आणि तांडे अर्धे रिकामे असतात. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांवर जातात ती थेट मार्च-एप्रिलमध्ये परततात. दाराला कुलूप, ओट्यावर म्हातारा-म्हातारी आणि नातवंडे, असे दृश्य गल्लीगल्लीत दिसते. शाळेसाठी मागे ठेवलेली ही मुले पाहुण्यांच्या मुलांमागे हमखास येतात. शिवाराची खडान्‌खडा माहिती त्यांनाच असते : कोणत्या ओढ्याला खेकडे आहेत, कोणत्या झाडाची बोरे गोड, मोर कुठे उतरतो. त्यांना पैसे देऊ नयेत, छायाचित्रे काढीत सुटू नये. बरोबर चालू द्यावे आणि डब्यातले अर्धे द्यावे. वाट दाखविणारा त्यांच्याहून चांगला कोणी मिळणार नाही, आणि गावात राहणाऱ्यांपैकी ती तुटक रेषेची वाट अजून रोज वापरणारी बहुधा हीच मुले असतात. शाळेला जवळची म्हणून.

सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगरहून येणारी रेल्वे अखेर बीडपर्यंत पोचली. कित्येक वर्षे रखडलेली ही मागणी होती. तरी पाटोदा, धारूर, अंबाजोगाईकडे जायला एस. टी. आणि खासगी गाड्या हाच आधार. वाडीवस्तीवर जाणाऱ्या एस. टी.च्या फेऱ्या मोजक्या असतात, तेव्हा उतरतानाच वाहकाला परतीच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. गाडी चुकलीच, तर पुढच्या फाट्यापर्यंतची पायवाट गावात कोणीही दाखवील.